गाठी

शनिवारी दुकान दोनला बंद करते, चिखलीला उतरते.
जुवारीकाठच्या या शेडमध्ये पूर्वी बार्जेस यायच्या;
खनिजाची तांबडी धूळ अजून तुळयांवर आहे,
हात लावला की बोटांवर येते.

क्लबाला शिंपीण हवी होती.
पंखांना कापड लागतं हे मला ठाऊक नव्हतं,
विमान म्हणजे नुसता पत्रा, असंच वाटायचं.
उल्हास शिरवईकरांनी नकाशा पसरला:
दर अडीच इंचांवर गाठ,
सुई वरून खाली, खालून वर, बरगडीला धरून.
म्हटलं, म्हणजे गोधडीच की.
ते हसले नाहीत. म्हणाले, हो,
पण ही उसवली तर माणूस पडतो.

शेडच्या मागच्या अर्ध्यात तो आहे,
महायुद्धातला बाँबर. सगळा नाही,
मधलं पोट आणि शेपटीचा एक कान,
चोर्ल्याच्या घाटातून ट्रेलरवर आलेला, किलोच्या भावाने.
क्लबात त्यावरून दोन तट.
आधी याला उभा करू, आधी उडेल ते पुरं करू,
आणि वर्गणी एकच.
भांडण पोदेराचा भोंगा वाजेपर्यंत चालतं,
मग सगळे पाव घ्यायला उठतात.

कुस्तोदियू भांडत नाही.
चाळीस वर्षं बार्जेस जोडल्या त्याने;
आमच्या पातळ नळ्यांना त्याचा हात लागला की भोकच,
म्हणून त्याला बाँबर दिला.
बाँबच्या दारांच्या बिजागऱ्या घासतो,
रॉकेल, खोबरेल, पुन्हा रॉकेल.
एकसष्टच्या डिसेंबरात तो सात वर्षांचा होता.
दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब पडले,
आईने त्याला न्हाणीत, भाणामागे बसवलं.
आवाजाचं आठवत नाही, म्हणतो,
भाणातलं पाणी हललं,
कोणी हात न घालता.
पुन्हा विचारलं तर सांगत नाही.

गेल्या शनिवारी दारं उघडली,
एका बोटाने, कुरकुर न करता.
आम्ही खाली उभे, माना वर करून.
कुंभारमाशीचं मातीचं घर पडलं, दोन रिव्हेट पडले,
आणि टॉर्च धरला तर आतल्या पत्र्यावर
पेन्सिलीच्या रेघा:
चार उभ्या, एक आडवी,
चार उभ्या, एक आडवी,
मग तीन. मग नुसता पत्रा.

मोहिमा असतील, उल्हास म्हणाले.
जितक्यांदा टाकले तितक्या.
कुस्तोदियूने बोट ओलं केलं,
एका रेघेपाशी नेलं, आणि पॅंटला पुसलं.

मला वाटलं, काजं.
मीही अशाच काढते भिंतीवर, खडूने.
कारखान्यात कुणी बाई असेल, रिव्हेट मोजणारी,
तेरा झाले आणि घंटा झाली.
पण मी बोलले नाही. मी तरी काय बघितलंय.

आज डावा पंख टेबलावर उभा केलाय.
याला दोन माणसं लागतात,
एक सुई घालणारं, एक पलीकडून परत देणारं.
पलीकडे कुस्तोदियू बसलाय, चष्मा कपाळावर.
त्याचा चेहरा मला दिसत नाही.
सुई आरपार येण्याआधी
ताणलेलं कापड एका जागी किंचित हलतं.
मी तिथे बोट ठेवून थांबते.

एकशेसाठ गाठी राहिल्यात.
उजवा पंख तर अजून उघडाच आहे.