माया

चाळीस वर्षं सुई बोटात जाते आहे,
त्यामुळे दवाखान्यातल्या मुलीने माझं बोट धरून
"थोडंसं टोचेल हं, जेलालकाका," म्हटलं
तेव्हा मला हसूच आलं.
पूर्वी रक्त आलं की
कापडाला लागू नये म्हणून बोट तोंडात जायचं.
आता थेंब पट्टीवर ठेवायचा
आणि निकालाच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी उभं राहावं
तशी आकड्याची वाट बघायची.

दोनशे बारा.

आमच्या एर्झुरुममध्ये साखर चहात विरघळवत नाहीत.
खडा दाढेखाली धरायचा,
वरून तांबडा कडू चहा सोडायचा, घोट घोट.
एका खड्यावर तीन पेले पार पडले पाहिजेत.
वडील म्हणायचे, ज्याचा खडा लवकर संपतो
त्याला उधार कापड देऊ नये.
मी दिवसाला अठरा पेले प्यायचो.
आमचं दुकानच तसं, शिवण कमी, गप्पा फार.

मे महिन्यात बेल्गिनचं लग्न.
ती जन्मली त्या हिवाळ्यात मी एक निळा सूट शिवला होता,
स्वतःसाठी, पहिला आणि शेवटचा.
तोच घालायचा होता.
फीत लावली. कमरेत बारा सेंटिमीटर कमी.

मग मी कात्री काढली.
भाकरी बंद, भात बंद,
सकाळी काही नाही, रात्री नुसतं सूप.
गोळ्या मात्र वेळेवर.
गिऱ्हाइकाला तीनदा मापं घेतल्याशिवाय
कापडाला हात न लावणारा मी!

फेब्रुवारी. बाहेर उणे एकोणीस
आणि मला दरदरून घाम.
खडू हातातून पडला.
समोरच्या कोटाला दोन कॉलर फुटल्या.
ओक्ताय, माझा उमेदवार पोऱ्या,
ज्याला दोनदा सांगितल्याशिवाय दोरा ओवता येत नाही,
त्याने डबीतला खडा माझ्या गालात कोंबला, मग दुसरा.
"चावा उस्ताद, चावा!"
मी चावला.
जन्मात कधी साखर अशी घाईने खाल्ली नव्हती.
वडिलांनी पाहिलं असतं तर
मलाच उधार दिलं नसतं.

डॉक्टर बिर्सेन ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं.
गोळी कमी केली. म्हणाल्या,
"महिन्याला दोन किलो, त्याहून हाव नको.
जेवण चुकवायचं नाही.
आणि तुम्ही शिंपी ना?
शिवणीला चिकटून कापड कापता का कधी?"

नाही.
माया सोडतो.

त्या दिवसापासून सेव्हिम भाकरी अर्धी करते,
उरलेली फडक्यात बांधून ठेवते, अगदी गुपचूप,
जणू ती अर्धी शेजाऱ्यांची आहे.
ताटात कोबी, मसूर, दह्याची वाटी.
जेवलो की किल्ल्यापर्यंत चालून येतो,
बर्फात पाय रोवत, घड्याळाचा मनोरा दिसेपर्यंत.
पहिल्या आठवड्यात बिनसाखरेचा चहा
ओल्या लोकरीसारखा लागला.
आता नुसता चहासारखा लागतो.
कधी एकशे तीस, कधी एकशे सत्तर,
एकदा मेव्हण्याकडच्या साखरपुड्यानंतर दोनशे चार,
ते मी वहीत लिहिलं, खोडलं नाही.
आणि आतल्या खिशात कागदात गुंडाळलेले तीन खडे.
ज्याच्याशी भांडण आहे
त्यालाच सोबत घेऊन हिंडतो.

मे आला. साडेपाच किलो उतरले.
फीत लावली, अजूनही पाच सेंटिमीटर कमी.

रात्री सेव्हिम झोपल्यावर
पँटची मागची शिवण उसवली.
आत तीन बोटं माया होती,
दोन्ही बाजूंना.
तेहतीस वर्षांच्या त्या सडपातळ पोराने
कोणासाठी ठेवली होती कोण जाणे,
त्याला तेव्हा पोटच नव्हतं.

पट्टी बाहेर आली
ती गडद निळी, उन्हाने न विटलेली,
बाकी पँटहून सव्वीस वर्षांनी तरुण.
इस्त्रीने जाणार नाही तो फरक.
कोट लांब आहे, झाकला जाईल.
नाचताना मात्र दिसेल.
दिसू दे.