सर्वांत जवळची शेजारीण

डेजॉन. नोव्हेंबरची अखेर.
पालिकेच्या चौथ्या मजल्यावर हीटर खोकतोय
आणि मी एकशे सात नंबरच्या इमारतीचं
पुढल्या दहा वर्षांचं दुखणं मोजतेय.

पद्धत साधी आहे.
पुढच्यास ठेच, मागचा शहाणा,
एवढंच शिकवलंय आम्ही यंत्राला.
आठशे बारा इमारती त्याच्या पोटात:
वय, मजले, छपराची जात, लिफ्ट आहे की नाही,
समुद्र किती लांब,
कुठल्या हिवाळ्यात कुठला नळ फुटला, बिल किती आलं.
नवी कोणी समोर आली की ते तिच्यासारखी हुडकतं
आणि सांगतं, हिचंही तिच्यासारखंच होणार.
माझ्या आत्या लग्नाच्या मुलींबद्दल
असंच बोलायच्या.

कशाला किती वजन द्यायचं
तेही ते स्वतःच ठरवतं. रात्रभर
वजनांच्या पिढ्यांवर पिढ्या जन्माला घालतं,
चुकणाऱ्यांना मारतं, उरलेल्यांची सोयरीक जमवतं.
चारशेव्या पिढीत
वयापेक्षा छप्पर जड ठरलं.
मी तेव्हा घरी झोपले होते.

एकशे सातची सर्वांत जवळची शेजारीण
समोरची एकशे आठ नाही.
ती मोक्पोला आहे, बंदरामागे,
बर्फाच्या कारखान्यातल्या कामगारांसाठी बांधलेली.
दोघींनी एकमेकींना कधी पाहिलेलं नाही.
साम्य शेकडा एक्क्याण्णव.

मोक्पोचा खर्च अकरा वर्षं जमिनीला चिकटून,
बाराव्या वर्षी एकदम कडा.
मला वाटलं, कुणीतरी एक शून्य जास्त टाकलंय.
ओळ खोडणारच होते.
खोडण्याआधी फोन केला.

‘शून्य बरोबर आहे,’ पलीकडची बाई म्हणाली,
‘त्या वर्षी ओक फिल-सुंग गेले.’
कोण?
‘रखवालदार. थंडीच्या आत नळांना
जुन्या रजया गुंडाळायचे. गच्चीच्या भेगा
रविवारी डांबरानं बुजवायचे.’
त्याची बिलं?
‘कशाची बिलं?
फुटलंच नाही काही, तर बिल कुठून येणार?’

दुपारी एकशे सातच्या तळघरात गेले.
बांग दक-सू, वय अडुसष्ट, करार मार्चपर्यंत.
नळांवर फुलाफुलांच्या रजया, सुतळीच्या गाठी,
एका कोपरावर लहान मुलाचा मफलर.
किती वेळ लागतो या सगळ्याला?
ते जरा थांबले. ‘सुरू करतो तेव्हा
रेडिओवर बेसबॉल असतो.
संपतं तेव्हा मोसम संपलेला असतो.’
मग एका नळावर तळहात टेकवून
माझ्याकडे न बघता म्हणाले,
‘हा यंदा रडणार.’
यंत्राच्या यादीत तो नळ नव्हता.

मी तक्त्यात एक रकाना वाढवला.
नाव काय द्यावं सुचेना. ‘माणूस’ लिहिलं, पुसलं.
‘हात’ लिहिलं, तसंच राहू दिलं.
मार्चनंतर शून्य भरून पुन्हा चालवलं.
आकडा तिपटीवर गेला.

विभागप्रमुख प्यो यांनी चष्मा वर सरकवला.
हे काय?
रजया, मी म्हणाले.
त्यांनी शांतपणे समजावलं:
रखवालदाराचा पगार दुसऱ्या खात्यातून जातो,
तेव्हा तो इमारतीचा खर्च नव्हे,
आणि जो खर्च नव्हे
त्याची बचत कशी दाखवणार?
हिशेबाला धरून होतं त्यांचं.

आठशे बारांपैकी दोन ‘हात’ भरलेत.
उरलेल्यांना मी जेवणाच्या सुट्टीत फोन करते.
आज चौतिसावा.
बऱ्याच ठिकाणी कुणाला आठवत नाही.
कुठे नुसतं, ‘होता खरा एकजण, लंगडायचा जरा.’

घंटा वाजतेय.
खाली हीटरची नळी टपटपायला लागलीय,
मी तिच्याखाली चहाचा कप सरकवते.
हे कुठेच नोंदलं जाणार नाही.