चार ठोकळे, राखाडी

माझ्या व्हॅनमध्ये कोणाचंच काही नसतं.
प्रत्येक वस्तूवर चिकटवलेला एक आकडा
आणि खाली बारीक अक्षरात:
कौन्सिलची मालमत्ता. काम संपल्यावर परत करावी.
काम संपल्यावर.
हे ज्यानं लिहिलं, त्याच्या घरात
अजून सगळे आपापल्या पायांवर असावेत.

वॉकरच्या पायांना भोकं असतात, उंची ठरवायला.
तिसऱ्यावर लावलेला परत आला, की म्हातारी होती, वाकलेली.
सातव्यावर, की खाणीतला माणूस.
हा माझा अंदाज, शास्त्र नव्हे.
धुण्याआधी मी बटणं दाबून
चारी पाय पहिल्या भोकावर आणतो.
उंची पुसली जाते.
मुठीच्या रबरावर अंगठ्याची झीज
तेवढी जात नाही, कितीही घासलं तरी.

इदवाल प्रिदर्खचा वॉकर सातव्यावर होता.
ब्लायनायच्या चढावरचं घर, चौदा पायऱ्या,
त्यातली नववी उगाचच उंच,
भिंती पाटीच्या दगडाच्या.
रेलिंग बसवायला ड्रिल लावलं
तर भिंतीनं दोन बिटं खाल्ली.
इदवाल खालून बघत होता.
छातीत चाळीस वर्षांची धूळ,
त्यामुळे बोलणं दोन दोन शब्दांत.
"थांब जरा. मला ने."
नेलं. चार पायऱ्या, दोन विसावे.
मडकं वाजवून घ्यावं
तशी त्यानं भिंत वाजवली, बोटांच्या पेरांनी,
कान दगडाला लावून.
"इथं नको. इथं नको."
मग बराच वेळ काहीच नाही.
"इथं."
बिट सरळ आत गेलं.
फॉर्मवर याला रकाना नाही.
मी लिहिलं: रेलिंग, एक, बसवलं.

त्याच आठवड्यात त्याच्या खुर्चीखाली
चार ठोकळे सरकवले, राखाडी, चार इंची,
उठताना गुडघ्यांच्या तेवढ्या विनवण्या कमी.
नेस्ता, त्याची बहीण, चहा घेऊन आली,
म्हणाली, "आता राजा झालास बघ."
तो म्हणाला, "राजे बसून राहतात.
मला उठायचंय."

फेब्रुवारीत यादी हातात आली. परत आणणे:
पलंग. हवेची गादी. कमोड.
वॉकर. ठोकळे, चार.

नेस्ता एकोणऐंशीची, कागदावर ठणठणीत.
कागदानं तिला जिना चढताना पाहिलेलं नाही.

पलंग सुटा करायला वीस मिनिटं लागतात,
व्हॅनमध्ये चढवायला दहा.
कार्पेटवर चाकांचे चार खळगे उरले,
ते मी बुटानं उगाच दाबून सपाट करत होतो.
वळून पाहतो तर ती त्याच्या खुर्चीत.
पाय जमिनीपर्यंत पोचत नव्हते.
लोकरी मोज्यांतले, थोडे हलत होते.

नियम असा की तळवे टेकलेच पाहिजेत.
नव्या पोरांना हा मीच शिकवतो.
"नेस्ता," मी म्हटलं, "ठोकळे."

"इथून ढिगारा दिसतो," ती म्हणाली.
"खाणीचा. अख्खा.
माझ्या खुर्चीतून नुसतं आभाळ.
तो तासन् तास काय बघतो,
मला वाटायचं, काहीच नाही."

मी गुडघे टेकले, ठोकळे काढायलाच.
मग तसाच जरा उंच झालो,
तिच्या डोळ्यांच्या रेषेत.
फोडून टाकलेला दगड, ओला, जांभळट,
आणि त्यावर एक मेंढी,
जिथं मेंढीनं जायला नको तिथं.

यादीवर लिहिलं:
ठोकळे, चार. सापडले नाहीत.
खाली सही.

गुरुवारी त्या बाजूला काम नव्हतं, तरी गेलो.
सोबत पायाखाली घ्यायचा एक पाट,
माझ्याच शेडमधल्या फळ्यांचा.
रंग पुरता वाळला नव्हता,
म्हणून म्हटलं, उद्यापर्यंत पाय ठेवू नकोस.
तिनं तो उलटा केला,
चष्मा वर सरकवून बघत राहिली.
"याचा आकडा कुठंय?"