जिभेखाली

लष्कर भागातल्या पेन्शन कचेरीत मी एकतीस वर्षं
एकच वाक्य लिहिलं:
सदर आजाराचा सेवेशी संबंध दिसून येत नाही.
शेवटी शेवटी रबरी शिक्काच करून घेतला,
रविवार पेठेतून, साडेचार रुपयांत.

अठ्ठ्याहत्तरच्या नोव्हेंबरात
म्हाळू सखा दुधाणे, राहणार वेल्हे,
हयातीचा दाखला घेऊन आला.
सही झाली तरी उठेना.
भाऊसाहेब, एक गोळी होती,
तिचं नाव तेवढं सांगा.

मग त्यानंच सांगितलं,
टोपी गुडघ्यावर ठेवून.

त्रेचाळीस साल. खडकी.
मुळेच्या अंगाला पत्र्याची लांबडी बराक,
आत शेगड्या, बाहेर मे महिना.
ब्रह्मदेशातला ताप वाईट,
त्याआधी औषध तपासायचंय, कोण खुशीनं येतो?
सुभेदारानं विचारलं तेव्हा रांग हलली नाही.
मग त्यानं खुशीनं येणाऱ्यांची नावं वाचून दाखवली.

बावीस जण.
रोज दोन आणे जादा, आठवड्याला रम,
माळकऱ्याला रमऐवजी गूळ.
गोळी पिवळी, पुवासारखी.
नाव नाही, नुसता आकडा.
ती घ्यायची, पाठीवर वाळूची पिशवी,
आणि पत्र्याखाली चालत राहायचं.
घाम पुसायचा नाही, घाम सरकारचा.
लघवीसुद्धा सरकारची,
बाटलीवर नंबर, खाटेवर होता तोच.

डॉक्टर वाईट नव्हता, म्हाळू म्हणाला.
‘आज कसं वाटतं?’ रोज विचारायचा, मराठीत,
तेवढे तीन शब्द शिकला होता.
उत्तराचे शिकला नव्हता.

दहाव्या दिवशी शेजारच्या खाटेवरचा बाबाजी शेडगे
डोळ्यांनी पिवळा झाला.
रात्री उठून पत्र्याला कान लावायचा,
म्हणायचा, आत कुणीतरी दळतंय.
एका पहाटे नदीकडं चालत गेला,
कवायतीच्या चालीनं.
होळकर पुलापाशी टोपी सापडली.
त्याची नोंद मी नंतर काढून पाहिली:
विनापरवाना गैरहजर.

इथवर नवीन काही नव्हतं. असलं काहीबाही
दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी त्याच बाकावर बसून सांगायचं.
मी शिक्क्याकडं हात नेला.

‘थांबा. माझं राहिलंय.’

चंचीतून त्यानं चुन्याची डबी काढली. चुना नव्हता.
सात गोळ्या. रंग विटलेला, कडा झिजलेल्या.
‘तिसऱ्या दिवसापासून मी गिळलीच नाही.
जिभेखाली धरायचो, साहेब वळला की मुठीत.
बाकीच्या मुळेत टाकल्या.
शेवटी डॉक्टरनं पाठीवर थाप मारली,
वहीत लांबलचक लिहिलं.
गडी टिकतो, असंच लिहिलं असणार.
बाबाजीनं इमानानं गिळली,
त्याचं धरलं नाही त्यांनी. माझं धरलं.
पुढं ती किती पलटणींना वाटली असंल
माझ्या तब्येतीच्या भरवशावर?’

जेवणाची सुट्टी झाली होती.
मी फॉर्म उलटसुलट करून पाहिला.
चौदा रकाने,
आणि हे एकातही मावेना.

डबी माझ्या टेबलावर ठेवून तो गेला.
नाव कळलं तर कार्ड टाका, म्हणाला.
पुढच्या नोव्हेंबरात दाखला आला नाही.

आता मी धनकवडीला, पोराच्या फ्लॅटमध्ये.
रात्री नऊला सून रक्तदाबाची गोळी आणि पाणी आणते,
गिळेपर्यंत उभी राहते.
घेतली ना?
मी मान हलवतो.
ती स्वयंपाकघरात जाते.
तोंड कडू व्हायला लागतं,
तसा मी पाकिटावरचं नाव वाचतो,
चष्मा लावून, मोठ्यानं, पूर्ण,
आणि मगच पाणी पितो.