गट नंबर एकशे बारा

तलाठ्याच्या कागदावर अजून गवतच आहे:
गायरान, चार हेक्टर, पड.
सेलूची घंटागाडी मात्र
रोज अकराला इथंच रिकामी होते,
गाणं बंद न करता.

मुंजाजी सांगतो,
पवन्या एवढा वाढायचा की वासरू दिसायचं नाही,
नुसती शेपटी हलायची.
आता पायजम्याला कुसळसुद्धा धरत नाही.
धरतात ते पिशव्यांचे बंद.

परवा गाडी मागं घेताना
त्यानं कच्चकन ब्रेक दाबला, गाणंही बंद केलं.
सलाईनच्या नळ्या, फुटकी बशी,
आणि मधेच चार अंडी,
खड्यांच्याच रंगाची.
टिटवी चाकाशी भांडत होती.

भरली गाडी तशीच परत नेली त्यानं.
साहेबाला काय सांगावं
हे वाटभर ठरेना.