सहा बाय तीन

उचगावच्या बाजूला, हायवेला लागून
जुन्या गाड्या उन्हात ओळीनं उभ्या,
आणि मी टेप घेऊन.
मगदूम शेट म्हणाला, मामा, माप काय घेताय,
म्युझिक सिस्टीम ऐका.
ऐकली.
मग मागचं दार उघडून आत आडवा झालो.

गादीवाल्याला दुसरं माप ठाऊक नाही.
सिंगल सहा बाय तीन, डबल सहा बाय पाच,
माणूस त्याच्या आत कुठंतरी.
कापसाला वजन नाही, पण जागा खातो
लग्नातल्या व्याह्यासारखा.
सायकलचंही तेच. उचलली तर नऊ किलो,
ठेवायला गेलं की हँडल आडवं येतं
आणि पेडल नेमकं नडगीवर.

आमच्याकडं दोन्ही आहे.
दुकानात गाद्या, जिन्यात तय्यबाची सायकल,
शर्यतीच्या आदल्या रात्री तिच्या तीन मैत्रिणींच्याही.
सांगोल्याला जायचं तर टेम्पोवाला साडेचार हजार मागतो
आणि सायकलींवर पाय देऊन चढतो.

पहिली गाडी पांढरी. स्वस्त.
इतकी स्वस्त की बाळू मिस्त्री भाव ऐकूनच खाली वाकला.
रबरी मॅट उचलली, अंगठा दाबला,
अंगठा आरपार.
"मासळीची होती, मामा. बर्फाच्या पाण्यानं तळ खाल्लाय.
आत बसून पायी चालायचं असलं तर घ्या."

दुसरा छोटा हत्ती.
दहा गाद्या, आठ सायकली, वरून दोरी.
पण पोरी कुठं बसणार?
आणि गगनबावड्याकडनं येणारा पाऊस
कापसाला विचारून येत नाही.

तिसरी देखणी. एकहाती, डॉक्टरची म्हणे.
खिडक्यांना झालर, मागची सीट मोडत नाही.
तय्यबानं पुढचं चाक काढलं,
तरी सायकल दारात अडली आडमुठ्या म्हशीसारखी.
शेट म्हणाला, ती सायकलच मोठी आहे.
सायकल विकायला काढलेली नव्हती,
म्हणून मी गप्प बसलो.

चौथी पार मागं, भिंतीला लावलेली.
पिवळी. शाळेची. तीन मालक झालेले.
सीटखाली शेंगांची टरफलं, एक खोडरबर,
आणि पत्र्यावर कर्कटकानं कोरलेलं:
वेदिका बोलत नाही.
बाळूनं सायलेन्सरवर तळवा धरला, ऑइलचं झाकण काढून हुंगलं,
बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, "बारा नटबोल्ट. सीटा काढल्या की हॉल आहे."

मी आत झोपलो. पाय लांब केले, दाराला लागले नाहीत.
तय्यबानं शेजारी तिची सायकल आडवी घातली,
तिच्यावर मृणालची, उलट तोंडानं.
"बसतंय," मी खालून ओरडलो.

शेट एक सत्तर म्हणाला, मी एक तीस.
दोन चहा झाले.
एक पंचेचाळीस,
वर शेटच्या आईची गादी पिंजून द्यायची.

आता काढलेल्या सीटा दुकानाबाहेर आहेत.
गिऱ्हाईक बसतात. परवा एका म्हातारीनं
बेल्ट लावून घेतला.
सांगोल्याला जाताना सायकली गाद्यांच्या मध्ये,
एक ओरखडा नाही.
वर कोण झोपणार यावर भांडण:
"मी झोपतो", "न्हाई, आज मी झोपतो",
आमच्या कोल्हापूरच्या पोरी.

सरकतं दार लावताना जरा उचलून घ्यावं लागतं.
हे शेटनं सांगितलं नव्हतं.
रंगही बदलायचा राहिलाय.
त्यामुळं सकाळी माल पोचवायला निघालो
की कळंब्याच्या वळणावर
दप्तर घेतलेली एक पोरगी अजून हात करते.
वेदिका, की ती कोरणारी, काय माहीत.
मी हॉर्न देतो.