कागदाला नंबर नसतो

बाबा मोजणीदार. इनास सोज.
नंदगड, गुंजी, हलशी, साखळी ओढत
अर्धा खानापूर तालुका त्याने पायांखाली घातला.
कुणी कुणाचा बांध कोरला, त्याला वासाने कळे.

एका रविवारी मिस्सा संपल्यावर
त्याने फादर रुझारना पायरीवरच अडवलं:
"देव सगळीकडे आहे म्हणता.
मग जग ठेवायला जागा कुठून काढली?
सरकला का थोडा?"

फादर म्हणाले, "पिशवीतला नकाशा काढ.
यात कागदाचा सर्व्हे नंबर सांग."

कानडीत लिहिलेली नावं
बाबा मराठीत पुटपुटत गेला:
शेतं, ओढे, मसणवट, मलप्रभेची निळी शाई.
कागद कशाच्याच शेजारी नव्हता.
आणि काढून घेतला असता
तर एक गुंठाही उरला नसता.

घरी येताना गप्प.
मग फणसाखाली थांबून मला म्हणाला,
मी तेव्हा आठ वर्षांची,
"पण कागद झिजतो गं."

त्याचा नकाशा घडीवर फाटलेला,
आईने मागून धोतराची चिंधी
खळीने डकवलेली.
हे त्याने फादरना विचारलं नाही.

गुड फ्रायडेला क्रुसावरचं जांभळं फडकं उतरलं.
रांगेत गुडघ्यांवर सरकत तो पुढे गेला.
पायांतल्या खिळ्यापाशी ओठ टेकायचे असतात.
त्याने अंगठा फिरवला,
सावकाश,
घडी चाचपतात तसा.

मागे कुणीतरी खाकरलं.
ओठ टेकायचे राहूनच गेले.